मानसशास्त्राची पदवी वाया जाते का? एका फिरत्या संदेशाला उत्तर

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस जवळ आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: मानसशास्त्र म्हणजे सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींना दिलेली अवघड नावे, त्यात गणित नाही, म्हणून ते सोपे, त्यातले निम्म्याहून अधिक प्रयोग खोटे ठरले आहेत, म्हणून ते शास्त्रच नव्हे, पदवीनंतर समुपदेशक होण्यापलीकडे वाट नाही आणि नुसत्या पदवीवर तेही होता येत नाही, तेव्हा आवड असेल तर चार पुस्तके वाचा, पदवी मात्र दुसऱ्या विषयाची घ्या. हा संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, आणि यातले एक विधान तर बरोबरच आहे. परंतु त्या एका विधानाच्या आधाराने बाकीची सारी खपवली जातात, म्हणून त्यांची वेगवेगळी तपासणी करणे आवश्यक वाटते.

‘हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते’ या आक्षेपाला 1949 मध्येच एक मार्मिक उत्तर दिले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या मनोवृत्तींची जी प्रचंड पाहणी झाली, तिच्या निष्कर्षांवर लिहिताना समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी काही निष्कर्ष नमुन्यादाखल मांडले. अधिक शिकलेल्या सैनिकांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणे कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसली. खेड्यांतून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा सैन्यात अधिक प्रसन्न असत, कारण त्यांना कष्टांची सवय होती. अशी ती यादी होती. वाचक ‘यात नवीन ते काय, एवढ्यासाठी पाहणी कशाला हवी’ असे मनाशी म्हणतो न म्हणतो तोच लाझार्सफेल्ड सांगतात की पाहणीत प्रत्यक्षात आढळले ते या प्रत्येक विधानाच्या नेमके उलट. खरे निष्कर्ष आधी सांगितले असते, तर तेही तितकेच उघड वाटले असते, हा त्यांचा मुद्दा होता. ‘शुभस्य शीघ्रम्’ आणि ‘अति घाई संकटात नेई’ ही दोन्ही वचने आपण प्रसंगानुसार सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारतो. त्यांतले कोणते केव्हा लागू पडते, हे मात्र त्यांपैकी कोणतेही वचन सांगत नाही.

विद्यार्थ्यांना अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर अभ्यासाच्या पद्धतीचेच घ्यावे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. त्यानंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काहींच्या बाबतीत मजकूर न पाहता जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतला 81 टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढलेल्यांतला 75 टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले: पुनर्वाचनाचे 42 टक्के, लिहून काढण्याचे 56 टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा चाळणाऱ्याला आपल्याला सारे येते असे वाटते, आणि त्या क्षणापुरते ते काहीसे खरेही असते. म्हणूनच हा गैरसमज अनुभवाने सुटत नाही. तो सोडवायला दोन वेगळ्या अंतरांवर केलेले मोजमाप लागते, आणि असे मोजमाप कसे आखावे हेच मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते.

यातूनच गणिताचा मुद्दा निघतो, आणि तो लवकर निकालात काढता येतो. चिंता, बुद्धिमत्ता किंवा अवधान वजनकाट्यावर ठेवता येत नाही. अशी अदृश्य गोष्ट मोजायची, तर आपली चाचणी पुन्हा घेतल्यावर तोच निकाल देते का, म्हणजे तिची विश्वसनीयता, आणि जे मोजायचे तेच ती मोजते का, म्हणजे तिची सप्रमाणता, या दोन्ही गोष्टी आकड्यांनी दाखवाव्या लागतात. चांगल्या पदवी अभ्यासक्रमात म्हणूनच संख्याशास्त्र, प्रयोगरचना आणि प्रात्यक्षिके यांना मोठी जागा असते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्पिअरमन यांचा सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कितपत बदलतात हे सांगणारा आकडा, शिकावा लागतो. हे चार्ल्स स्पिअरमन मानसशास्त्रज्ञ होते. गणित टाळण्यासाठी या विषयाकडे वळलेल्यांची पहिल्याच वर्षी जी तारांबळ उडते, तिला हा संदेश बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

प्रयोग खोटे ठरल्याच्या आरोपात तथ्यांश आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातील नामांकित नियतकालिकांमधले 100 अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने सहसा न येणारा, परिणाम नोंदवला होता. पुनरावृत्तीत तो सुमारे 36 टक्क्यांमध्येच मिळाला. संदेश येथे थांबतो. तो हे सांगत नाही की हा प्रकल्प मानसशास्त्राच्या विरोधकांनी नव्हे, तर मानसशास्त्रज्ञांनीच हाती घेतला होता. त्यानंतर प्रयोग सुरू करण्यापूर्वीच गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत जाहीररीत्या नोंदवून ठेवणे, मूळ आकडे सर्वांसाठी खुले करणे, नमुने मोठे घेणे, या प्रथा या विषयात वेगाने रुजल्या. शिवाय पुनरावृत्तीत निकाल न मिळणे म्हणजे मूळ निकाल खोटाच असणे नव्हे, आणि विषयाची सर्व अंगे सारखी डळमळीतही नाहीत: त्याच प्रकल्पात बोधनिक मानसशास्त्रातले, म्हणजे स्मृती, अवधान, विचार यांच्या अभ्यासातले, निष्कर्ष सामाजिक मानसशास्त्रातल्या निष्कर्षांपेक्षा बरेच अधिक टिकले. आपल्याच पाठ्यपुस्तकातले कोणते प्रकरण भक्कम आणि कोणते कच्चे, हे ओळखण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागणे, हा मला तरी या विषयाचा दोष वाटत नाही.

आता उपजीविकेचा प्रश्न, ज्यासाठी हा संदेश मुख्यतः वाचला जातो. त्यातले बरोबर विधान येथेच आहे: केवळ पदवीच्या बळावर कोणालाही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्णांवर उपचार करता येत नाहीत, आणि येऊ नयेत. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखालील प्रशिक्षण आणि बहुतेक ठिकाणी अधिकृत नोंदणी लागते. मनोविकारतज्ज्ञ तर मुळात वैद्यकीय पदवीधर असतो आणि त्याची वाट पूर्णपणे वेगळी आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची वाट लांब आणि खर्चिक आहे, तिच्यावरच्या जागाही मर्यादित असतात, आणि प्रवेशापूर्वीच हे स्पष्टपणे न सांगणारी विद्यापीठे विद्यार्थ्यांवर अन्याय करतात, एवढे संदेशकर्त्याच्या बाजूने मान्य करायला हवे.

परंतु ही लांबी अकारण नाही. ‘ऐकून घेणे आणि धीर देणे कोणालाही जमते’ असे ज्यांना वाटते, त्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास पाहावा. अपघातानंतर लवकरच रुग्णाला झाल्या प्रसंगाविषयी सविस्तर बोलते करावे, म्हणजे मन मोकळे होऊन पुढचा त्रास टळेल, अशी तेव्हा प्रचलित असलेली समजूत त्यात तपासली गेली. कोणत्या रुग्णाला असे सत्र द्यायचे आणि कोणाला नाही, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. तेरा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकृती (पीटीएसडी), म्हणजे भीषण प्रसंगानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास, आढळली ती सत्र मिळालेल्या गटातील 26 टक्के रुग्णांमध्ये, आणि न मिळालेल्या गटातील 9 टक्क्यांमध्ये. सत्र मिळालेल्यांच्या जखमा मुळात काहीशा अधिक गंभीर होत्या, त्यामुळे सगळा फरक सत्रामुळेच पडला असे म्हणता येत नाही. तरीही जो उपाय सर्वांना उघडपणे हितकर वाटत होता, त्याने अपेक्षित संरक्षण दिले नाही, हे स्पष्ट झाले. पुढे अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावरही या एकवेळच्या सत्राचा फायदा दिसला नाही. चांगल्या हेतूने केलेला उपचार निरुपयोगी किंवा अपायकारकही ठरू शकतो, हे ज्याला शिकवले गेले आहे त्याच्याच हाती रुग्ण सोपवावा, म्हणून ती वर्षे लागतात.

संदेशाची खरी चूक मात्र उपचार हा या विषयाचा एकमेव उपयोग मानण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धातच बी-17 या बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत एक विचित्र प्रकार घडत होता: विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांच्या फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) विमानाची चाकेच आत घेत. वैमानिकांच्या बेफिकिरीला दोष देणे सोपे होते. आल्फोन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तेव्हा दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी शेजारी असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवताच, हाताला न पाहताही फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. यंत्र माणसाच्या अवधानाला आणि स्मृतीला साजेसे कसे करावे, हा प्रश्न आज विमानांपासून रुग्णालयांतील उपकरणांपर्यंत आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपपर्यंत सर्वत्र विचारला जातो, आणि यूएक्स रिसर्च (वापरकर्त्याच्या अनुभवाचे संशोधन) या नावाने चालणाऱ्या कामात मानसशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने दिसतात ते त्यामुळेच.

‘नुसत्या पदवीवर’ काय होऊ शकते याचे एक उदाहरण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचे आहे. 1954 मध्ये त्यांनी मानसशास्त्र हा मुख्य आणि गणित हा दुय्यम विषय घेऊन पदवी मिळवली, आणि त्यानंतर इस्रायली सैन्यात असताना, वयाच्या अवघ्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, नव्या सैनिकांच्या मुलाखतीची पद्धत नव्याने आखण्याचे काम त्यांच्याकडे आले. उमेदवाराविषयी एकच ढोबळ मत बनवण्याऐवजी त्यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकासाठी पूर्वायुष्यातील प्रत्यक्ष वागणुकीवरचे प्रश्न दिले आणि प्रत्येकाचे गुण स्वतंत्रपणे नोंदवायला लावले. मुलाखतकार नाराज झाले, कारण त्यांच्या अंतर्ज्ञानाला वाव उरला नाही. पण उमेदवार पुढे कसे काम करतील याचा अंदाज जुन्या मुलाखतीपेक्षा या पद्धतीने अधिक चांगला बांधता आला. कानमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ही वेगळी गोष्ट, आणि प्रत्येक पदवीधर कानमन होत नाही हेही उघड आहे. येथे महत्त्वाचे हे की मुलाखतीची ती पद्धत आखण्यासाठी जे ज्ञान लागले ते मुख्यतः पदवीच्या पातळीचेच होते, आणि भरती, प्रशिक्षण, चाचणी-निर्मिती, बाजार-संशोधन, सार्वजनिक आरोग्य यांसारख्या क्षेत्रांना आजही तेच लागते.

यात एक अडचण आहे. या कामांच्या जाहिरातींत ‘मानसशास्त्रज्ञ हवा’ असे क्वचितच लिहिलेले असते. अभियंत्याला किंवा लेखापालाला जशी आपल्या नावाची पाटी लावलेली दारे मिळतात, तशी ती या पदवीधराला मिळत नाहीत. आपल्याला काय येते हे त्याला दुसऱ्याच्या भाषेत सांगावे लागते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना त्यात संख्याशास्त्र किती आहे, स्वतंत्र संशोधन प्रकल्प करावा लागतो का, प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळतो का, आणि पुढे चिकित्सेकडे जायचे असल्यास नोंदणी करणारी संस्था त्या पदवीला मान्यता देते का, हे चार प्रश्न विचारावेत. यांची उत्तरे नकारार्थी आली, तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाबाबत संदेशातली भीती खरीही असू शकते.

राहता राहिला तो पुस्तके वाचण्याचा सल्ला. पुस्तके जरूर वाचावीत; मात्र पुस्तकात तयार निष्कर्ष मिळतात, आणि वाचक त्यांतले आपल्याला पटणारे तेवढे उचलतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत तशी मुभा नसते: आपल्या अपेक्षेविरुद्ध आलेले आकडेही तेथे जसेच्या तसे लिहावे लागतात, आणि ते तसे का आले असावेत हे परीक्षकासमोर बसून सांगावे लागते.