ती चित्रं नुसती शोभेची नाहीत हो

एवढी मोठी कॉमेंट लिहिलीत, मग उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुने तारानकाशे म्हणजे भिंतीवर लावायची चित्रं, हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाचा तर चक्क उलटा छापलाय, आणि ग्रीक भाकडकथांनी तारे झाकून टाकलेत.

उलटा छापला नाहीये, मुद्दाम तसा काढलाय. १६९० चा तो अ‍ॅटलास आकाशाचा गोल बाहेरून बघितल्यासारखा आहे, त्यामुळे डावं-उजवं बदलतं. आकाशाखाली उभं राहून वापरायला वैताग येतो हे मान्य, पण फोटो आडवा फ्लिप करा की सगळं जागच्या जागी. पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफीने तर दहाव्या शतकातच प्रत्येक आकृती दोनदा काढली होती, एकदा आकाशात दिसते तशी आणि एकदा गोलावर दिसते तशी.

आता तारे झाकण्याबद्दल. अहो, चित्र हाच ताऱ्याचा पत्ता होता! प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या ताऱ्यांच्या यादीत काक्षी म्हणजे शिकाऱ्याच्या (आपल्या मृगाच्या) उजव्या खांद्यावरचा तांबूस तारा, राजन्य म्हणजे डाव्या पायावरचा. मग चित्रकाराने माणूस पाठमोरा केला की उजव्याचं डावं होऊन पत्ताच चुकला ना. जर्मन नकाशाकार बायरने १६०३ च्या अ‍ॅटलासात बऱ्याच आकृत्या अशा पाठमोऱ्या काढल्या आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड त्यावरून जाम वैतागला होता, त्याच्या १७२९ च्या अ‍ॅटलासात आकृत्या परत टॉलेमीच्या वर्णनाप्रमाणे आहेत. शोभेच्या चित्रावरून कोण एवढं भांडतं? आणि त्याच बायरच्या पानांच्या कडांना अंशांच्या पट्ट्या आहेत, ताऱ्याची जागा मोजून काढता येते. ताऱ्यांना दिलेली अल्फा, बीटा ही अक्षरंही त्याचीच, आजही चालतात.

कथांचं म्हणाल तर साखळदंडात बांधलेली देवयानी, तिचे आईबाप म्हणजे शर्मिष्ठा आणि वृषपर्वा, सोडवायला येणारा ययाती (ही आपली नावं, गोष्ट ग्रीकांची), हे सगळे तारकासमूह शेजारीशेजारी आहेत, एक सापडला की बाकीचे सापडतात. ययातीच्या हातातल्या मेडुसा राक्षसीच्या मुंडक्यावर अल्गोल हा तारा आहे, तो दर २ दिवस २१ तासांनी मंद होतो आणि ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. विंचवाने शिकाऱ्याला मारलं म्हणतात, तर वृश्चिक उगवतो तेव्हा मृग मावळत असतो, एकदा ऐकलं की विसरणं अवघड.

तुमचा सजावटीचा आरोप जर्मन खगोलशास्त्रज्ञ बोडेच्या १८०१ च्या अ‍ॅटलासावर थोडाफार बसतो. त्यात छापखाना, विजेचं यंत्र, गरम हवेचा फुगा, अशा नावांचे तारकासमूह आहेत, शिवाय फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने आकाशात घुसवलेली मांजर! १९२२ मध्ये ८८ तारकासमूह ठरले तेव्हा हे सगळे बाहेर गेले. दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक मात्र टिकले, मांजर नाही, हे काही मला पटलेलं नाही.