त्या पिळलेल्या लिंबाबद्दल (आणि बेडकांबद्दलही)

नमस्कार सर, मी या बारचा मालक. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल सॉरी, रिव्ह्यू वाचला त्याच रात्री तावातावाने लिहायला बसलो होतो पण बायकोने फोन काढून घेतला, म्हणाली चार दिवस जाऊ देत मग लिही. तर आज लिहितोय.

तुम्ही 2 स्टार देऊन लिहिलंय की वडिलांच्या वाढदिवसाला आलो, 850 रुपयांच्या माई ताई कॉकटेलमध्ये पाइनॅपल ज्यूस नाही, छत्री नाही, वर पिळून झालेलं लिंबू तसंच ग्लासात टाकलेलं, गाण्यांत बेडूक आणि पक्षी ओरडतायत, राणीच्या बागेत बसल्यासारखं वाटलं, मधेच म्युझिक बंद पडतं, 23 वर्षांच्या भाच्याला ड्रिंक दिलं नाही, सोफा इतका खाली की बाबांना उठता येईना, आणि विचारायला गेलो तर वेटर म्हणाला "सर हे तुम्हाला नाही कळणार".

आधी वेटरचं. ते वाक्य चुकीचंच होतं, त्यावर काही सफाई नाही. आणि खरं सांगू का, पोराला ओरडायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला "सर तुम्हीच बोलता ना असं". बोलतो मी. किचनमध्ये, गिऱ्हाईक गेल्यावर, पण बोलतो. तेव्हा ती माफी माझी समजा, त्याची नाही.

आता लिंबू. ते कोणी विसरलेलं नव्हतं हो, ते मुद्दाम ठेवतात! माई ताई बनवली व्हिक्टर बर्जेरॉनने, ट्रेडर विक म्हणतात तो, 1944 साली कॅलिफोर्नियात ओकलंडला. जुनी जमैकन रम, लिंबाचा रस, ऑरेंज क्युरासो (संत्र्याच्या सालीची गोड दारू), थोडा साखरेचा पाक आणि बदामाचं सिरप, बास. पाइनॅपल नंतर हवाईच्या हॉटेलांत पोचल्यावर घुसलं आणि मग जगभर तेच खरं वाटायला लागलं. रस काढलेली लिंबाची अर्धी वाटी वर उपडी ठेवायची आणि बाजूला पुदिन्याची काडी खोचायची, म्हणजे समुद्रात छोटंसं बेट आणि त्यावर एक झाड असं दिसतं. फक्त तिकडचं लिंबू असतं मोठं, आपलं कागदी लिंबू एवढंसं, त्याचं बेट कसलं दिसतंय, सरबताच्या गाडीवरच्या बादलीतून उचलल्यासारखंच दिसतं. तुमचा रिव्ह्यू वाचून मी स्वतः एक बनवून टेबलवर ठेवलं आणि लांबून बघितलं. तुमचं बरोबर आहे. आता साल मोठी मिळाली तरच ठेवतो, नाहीतर नुसता पुदिना.

पण बदामाच्या सिरपवर मी अडून बसणार. ते बाटलीतलं नाहीये, आदल्या रात्री बदाम भिजत घालतो, सकाळी सोलून वाटतो, पंच्यातून गाळतो, मग साखर. आई बघून म्हणते हे तर कोजागिरीचं दूध, दूधच घालायला विसरलायस. त्यावर पाइनॅपल ज्यूस ओतला की त्या बदामाचा पत्ताच लागत नाही. तुम्हाला गोड आणि पिवळं हवं असेल तर नक्की सांगा, बनवून देऊ, पण त्याला माई ताई म्हणणार नाही.

बेडूक! सर तुम्ही चिडून लिहिलंय पण तुमचा कान एकदम करेक्ट आहे. तो मार्टिन डेनी. 50 च्या दशकात होनोलुलूला हवाईयन व्हिलेज हॉटेलच्या शेल बारमध्ये त्याचा बँड वाजवायचा, शेजारी पाण्यात खरे बेडूक होते, बँड सुरू झाला की ते ओरडायचे आणि थांबला की गप्प. बँडवाल्यांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले, तर लोक परत येऊन फर्माईश करायला लागले की ते पक्ष्यांवालं वाजवा. रेकॉर्डवर ऐकू येतात ते बरेचसे ऑगी कोलोनचे, बोंगो वाजवता वाजवता तोंडाने आवाज काढणारा माणूस. 1957 ला आलेली ती एक्झॉटिका नावाची एलपी 1959 मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेली. म्हंजे राणीची बाग हे त्या म्युझिकचं वर्णन म्हणून मी बोर्डवर लावू शकतो, तुमची परवानगी असेल तर. आणि म्युझिक बंद पडत नाही, एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांत संपते, मग मी हात पुसून येईपर्यंत शांतता.

भाच्याचं आमच्या हातात नाही, महाराष्ट्रात हार्ड लिकरला 25 पूर्ण लागतात. सॉरी बोला त्याला.

"जुन्या मुंबईच्या क्लबचा फील नाही" हेही लिहिलंय. सर, 1949 च्या कायद्यानंतर मुंबईत दारूबंदी होती, परमिटशिवाय थेंब नाही. चर्चगेटच्या रेस्टॉरंटमध्ये गोव्याचे एकसे एक वादक जॅझ वाजवायचे पण परमिट नसलेल्याच्या टेबलवर कॉफी नाहीतर सोडाच असायचा. तो फील द्यायचा तर मला लायसन्स परत करावं लागेल. आमचं डेकोर अमेरिकेचं, हवाईचं आहे, आम्ही कधी मुंबई म्हटलंच नाही.

हे मला तुमच्या बाबांमुळेच आठवलं. तुम्ही बिलासाठी भांडत होतात तेव्हा ते रेकॉर्ड प्लेअरपाशी उभे होते, मला विचारलं "चिक चॉकलेट आहे का?" मी बघतच राहिलो. ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला माणूस, त्याचं नाव या बारमध्ये आजवर कोणी घेतलं नव्हतं. माझ्याकडे नव्हतं काही, आणि ते हसून सोफ्यावर परत बसायला गेले आणि तिथेच तो प्रॉब्लेम झाला. मी लांबून बघितलं, धावत यायला हवं होतं.

तो सोफा ओशिवऱ्याच्या बाजारातून आणलाय, निमुळत्या पायांचा, दिसायला भारी पण गुडघ्यांचा दुश्मन. कोपऱ्यात आता हात असलेल्या दोन उंच खुर्च्या ठेवल्यात. डेकोरला अजिबात मॅच होत नाहीत, राहू देत.

आणि बाबांना सांगा, सी. रामचंद्रांच्या अलबेला सिनेमाची जुनी, 78 स्पीडची तबकडी मिळाली आहे. तिला वेगळी सुई लागते, ऑर्डर केलीये, अजून आली नाही. आली की तुम्हाला इथेच कळवतो.