बाण लागला की जनावर जागीच पडतं, हे कुणी सांगितलं?

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मजकूर थोडक्यात असा: धनुष्यबाणाला परवाना लागत नाही, म्हणून त्याने केलेली शिकार कायद्यात बसते. आदिवासींना तर सूटच आहे. रानडुक्कर उपद्रवी, ते कुणीही मारावं. आणि बाण लागला की जनावर जागीच पडतं, त्याला काही कळतही नाही. वर दशरथाच्या शब्दवेधाचा दाखला. हे फिरतंय बरेच दिवस, मी सोडून देत होतो. पण भाच्याने खाली लिहिलं, "मामा, दिवाळीत गावी येताना तुझं धनुष्य आण." आता गप्प बसवत नाही.

जागीच पडण्याचं आधी बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे.

मी १२ वर्षं बांबूच्या धनुष्यावर सराव करतोय. माझा बाण ३० ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण ५० मीटर. म्हणजे ऊर्जा ३७-३८ ज्यूल. मोठ्या रायफलीच्या गोळीत ती ३,००० ज्यूलच्या वर असते. बाणाला तो धक्काच नाही. बाण कापत जातो आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. दोन्ही फुप्फुसं भेदली तरी सांबर पन्नास-शंभर मीटर धावू शकतं. पोटात लागला तर तासन् तास तडफडतं, आणि बहुतेकदा सापडतही नाही.

नेम चांगला असला की झालं, असंही नाही. २० मीटरवर पोचायला या बाणाला ०.४ सेकंद लागतात. दोरीचा आवाज ०.०६ सेकंदात पोचतो. दचकलेलं हरिण उसळी घेण्याआधी खाली दबतं, वळतं. नेम धरला होता ती जागा तिथे उरतच नाही. माझं गवताचं लक्ष्य दचकत नाही, म्हणून माझे बाण बसतात.

ज्यांचं पोट यावर होतं, त्यांनी असा दावा कधी केला नाही. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातले सान जमातीचे शिकारी बाणाला भुंगेऱ्याच्या अळीचं विष लावतात आणि मोठ्या जनावराचा माग दिवसभर, जिराफ असेल तर कित्येक दिवस काढतात. १९११ साली कॅलिफोर्नियात सापडलेला, 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला एकटाच उरलेला इशी शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, पहाटे ओढ्यात अंघोळ करून निघे. वास लागू नये, अगदी जवळ जाता यावं म्हणून. एवढं करूनही माग काढावाच लागे.

दशरथाचं नाव घेणाऱ्याने गोष्ट तरी पुरी आठवावी. जनावर समजून सोडलेला तो बाण श्रावणबाळाला लागला, आणि आईवडिलांना पाणी नेऊन द्या हे सांगेपर्यंत तो तळमळत होता.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २(१६) वाचा. मारणं, जखमी करणं, हाकून काढणं, आमिष लावणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न, ही सगळी शिकारच. हत्यार कोणतं, हे तिथे विचारलेलंच नाही. धनुष्याला बंदुकीसारखा परवाना लागत नाही हे खरं, पण बंदुकीचा परवानासुद्धा बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे.

आदिवासींना सूट? कलम ६५ मध्ये आहे, पण ती निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळलाय. गडचिरोलीच्या माडिया आदिवासीला जो हक्क नाही, तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्याला कुठून आला?

रानडुकराबद्दल मात्र अर्धं मान्य करावं लागतं. एका रात्रीत उभं भात लोळवतात, मी बघितलंय. त्यासाठी कलम ११ खाली वनखात्याकडून लेखी परवानगी मिळू शकते. पण ती मागायची असते, "कुणीही मारावं" असं नाही. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट थर असतो. त्यात बाण अडकलेलं डुक्कर रात्रभर झुडपांच्या जाळीत बसून राहतं, आणि सकाळी त्याच वाटेने तुझी आजी सरपणाला जाते.

धनुष्य आणीन मी दिवाळीत. खळ्यात पेंढ्याचा भारा उभा कर, २० पावलांवर.