वातावरणच नाही राव

कोल्हापूरचा असून मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, हे मी लंडनमध्ये बिनधास्त सांगू शकतो, कारण कोल्हापुरात फुटबॉल आहे हेच इथं कुणाला माहीत नाही. मंगळवार पेठेत असलं बोलायची सोय नव्हती. तिथं पोरगं चालायला लागलं की आधी पाटाकडील तालमीच्या टीमचं होतं, शाळेचं मग बघू. मी आपला दोनचारदा शाहू स्टेडियमवर गेलो, पायरीवर बसलो, एकदा चुकून समोरच्या टीमच्या, दिलबहारवाल्यांच्या घोळक्यात बसून भलत्याच गोलला गप्प राहिलो आणि भलत्याच गोलला टाळ्या वाजवल्या, आणि कसाबसा घरी पोचल्यावर मला क्रिकेट जास्त आवडतं असं जाहीर करून टाकलं.

असल्या माणसाच्या नशिबात वेस्ट हॅमसारखा फुटबॉल क्लब यावा.

झालं असं की २०१४ ला आम्ही ईस्ट हॅमला राहायला आलो. बायकोनं हा भाग पसंत केला तो ग्रीन स्ट्रीटमुळं. पुढचं स्टेशन अप्टन पार्क, बाहेर पडलं की साड्या, बांगड्या, सोनं, बाजूला क्वीन्स मार्केटात मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, थंडी सोडली तर महाद्वार रोडच. फक्त त्या साड्यांच्या दुकानांपासून चार पावलांवर बोलीन ग्राउंड होतं, १९०४ पासूनचं वेस्ट हॅमचं मैदान, ज्याला सगळे अप्टन पार्कच म्हणायचे, आणि मॅचच्या दिवशी तिथं पस्तीस हजार माणसं यायची. म्हणजे एकीकडं पैठणीचा पदर उलगडून बघणाऱ्या बायका आणि शेजारून मरून-निळे टीशर्ट घातलेले, बियर प्यालेले, एका सुरात ओरडत चाललेले बाप्ये. (क्लबवाले त्या रंगाला क्लॅरेट म्हणतात. आमच्या साडीवाल्याकडं तो मरूनच.) बायको भिंतीवर मॅचचं टाइमटेबल लावायची, ते बघायला जायचं म्हणून नाही, त्या दिवशी भाजीला जायचं नाही म्हणून.

ते टाइमटेबल मी एकदाच बघायला विसरलो, ती तारीख होती १० मे २०१६. अप्टन पार्कवरची शेवटची मॅच. मला ऑफिसातून येताना भेंडी आणायला सांगितली होती, बास. भेंडी घेतली आणि रस्त्यावर आलो तर हलायला जागा नाही, मँचेस्टर युनायटेडची बस गर्दीत अडकलेली, तिच्यावर बाटल्या पडतायत, पोलीस, घोडे, कुणी रडतंय, एक आजोबा तर मैदानाच्या भिंतीला हात लावून नुसतेच उभे. मॅच पाऊण तास उशिरा सुरू झाली. मी अर्धा किलो भेंडी छातीशी धरून एका शटर ओढलेल्या दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिलो, आणि थोड्या वेळानं आतून पहिल्या गोलचा आवाज आला. तो मी कानानं ऐकला नाही, पाठीला टेकलेलं शटर थरथरलं ते कळलं. वेस्ट हॅम ३-२ नं जिंकलं हे घरी गेल्यावर टीव्हीवर बघितलं. बायको म्हणाली, "अहो, भेंडी सगळी चेंगरलीय."

माझा आणि फुटबॉलचा संबंध इथंच संपायचा. पण शेजारी तात्या होते.

तात्या म्हणजे आमचे इंग्रज शेजारी. नाव अर्थातच वेगळं, पण हात मागं बांधून चालायची ढब, कुंपणाशी उभं राहून अर्धा तास 'निघतोच आता' म्हणणं, सगळं आमच्या गल्लीतल्या तात्यांसारखं, त्यामुळं मी मनात तात्याच म्हणतो. सत्तरीचे, जन्मापासून वेस्ट हॅम. १९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडनं जिंकला असं तुम्हाला वाटत असेल तर तात्यांसमोर बोलू नका. कॅप्टन बॉबी मूर आमचा, फायनलला इंग्लंडचे चार गोल झाले त्यातले तीन जेफ हर्स्टचे आणि एक मार्टिन पीटर्सचा, दोघंही आमचे, मग इंग्लंडचा काय संबंध? मला हे लॉजिक लगेच पटलं, कारण आमच्या पेठेत ह्याच हिशोबानं बोलतात.

तात्यांचा मुलगा एसेक्सला गेला, मॅचला यायचा बंद झाला आणि त्याच्या सीटवर कुणाला बसवायचं हा प्रश्न आला. एका शुक्रवारी तात्यांनी कुंपणावरून विचारलं, उद्या काय करतोयस? मी खरं ते सांगितलं. काही नाही. तिथं चुकलो.

तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी माझा शनिवार असा जातो. दुपारी आम्ही दोघं डिस्ट्रिक्ट लाइन पकडतो. पुढचंच स्टेशन अप्टन पार्क. गाडी थांबते, दार उघडतं, तात्या उसासा टाकतात. दार बंद होतं आणि तात्या सुरू होतात. पूर्वी इथं उतरायचो. आधी पबमध्ये जायचो, मग पाय-मॅश खायचो (पाय म्हणजे तंगडी नव्हे, बीफचा खिमा भरून भाजलेली पेस्ट्री, त्याच्या बाजूला बटाट्याचा लगदा आणि वर हिरवी पातळ ग्रेव्ही, दिसायला डिट्टो अळूचं फदफदं), मग मैदान. तिथल्या पूर्वेकडच्या जुन्या स्टँडला चिकन रन म्हणायचे, खुराडंच, पण तिथून समोरच्या टीमच्या विंगरच्या कानात बोलता यायचं. काय बोलायचा तात्या? ते त्यांनी मला सांगितलंय, इथं लिहिता येत नाही. पुढं वेस्ट हॅम स्टेशनला गाडी बदलायची (वेस्ट हॅमचं मैदान वेस्ट हॅम स्टेशनला अप्टन पार्कच्या काळातही नव्हतं आणि आताही नाही, हे मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही), स्ट्रॅटफर्डला उतरायचं आणि भल्यामोठ्या मॉलला वळसा घालून चालत सुटायचं. इथं तात्यांचं ठरलेलं वाक्य येतं, फुटबॉलला जाताना परफ्युमचा वास येता कामा नये.

आता स्टेडियम वाईट आहे का? माझ्यासारख्या माणसाला विचाराल तर लै भारी आहे. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, उसेन बोल्ट इथं ९.६३ सेकंदांत शंभर मीटर पळालाय, आता बासष्ट हजारांवर माणसं बसतात, पायऱ्या रुंद, वर छप्पर. पण ते बांधलं धावणाऱ्यांसाठी. पळायला ट्रॅक लागतो, ट्रॅकमुळं मैदान आणि माणसं ह्यांच्यात अंतर पडतं, खालच्या खुर्च्या पुढं सरकवता येतात पण वरचा मजला आहे तिथंच राहतो, त्यामुळं गोलमागं बसलेल्याला पलीकडचा गोल म्हणजे दुसऱ्या गावात झालेलं लग्न. वाजंत्री ऐकू येते, नवरा दिसत नाही. त्यात मालकी सरकारी, क्लब तिथं ९९ वर्षांच्या करारावर भाडेकरू. कडेचा हिरवा गालिचा क्लॅरेट करायचा म्हणलं तरी मालक-भाडेकरूत वाद झाला. आणि ज्या जुन्या मैदानावर ह्यांची खोली होती, आपलं, स्टँड होता, तिथं आता फ्लॅट झालेत. रीडेव्हलपमेंटला गेलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. कार्पेट एरिया वाढला, लिफ्ट आली, आणि पोहे शेजारी नेऊन द्यायचे तर आधी इंटरकॉम करावा लागतो.

पण छळ स्टेडियमचा नाही. छळ आहे तो तात्यांच्या ग्रुपचा. आमच्या रांगेत तात्यांचे तीन मित्र बसतात आणि मॅच सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ह्या चौघांचा एकच विषय असतो, वातावरण. वातावरण नाही. पूर्वी होतं. का नाही? एक म्हणतो ट्रॅक. दुसरा म्हणतो छप्पर, आवाज वरून निघून जातो. तिसरा म्हणतो तिकिटं कुणालाही मिळतात. चौघंही हे इतक्या हळू, इतक्या सभ्यपणे, हाताची घडी घालून बोलतात की वातावरण का नाही हे मागच्या रांगेतून दिसतंच. मी एकदा न राहवून म्हणालो, तात्या, आपण पाचजण जरा ओरडून बघू या का? चौघांनी माझ्याकडं असं बघितलं की सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यानं भटजींना मंत्र मोठ्यानं म्हणा सांगावं. तात्या म्हणाले, असं ठरवून नसतं ओरडायचं, आतून यायला लागतं.

तिसऱ्याचा आवडता मुद्दा टुरिस्ट. हल्ली टुरिस्ट फार येतात, त्यांना गाणी येत नाहीत, फोटो काढतात, आणि सारखं काहीतरी खात बसतात. हे तो माझ्याकडं पाठ करून बोलत होता, आणि त्या वेळी माझ्या जॅकेटच्या खिशात घरून आणलेलं भडंग होतं. गुपचूप एक मूठ तोंडात टाकली. कुर्र. आता भडंग म्हणजे काही फटाका नाही, पण सामना ०-० होता, नोव्हेंबर महिना, बॉल मधल्या मधे फिरत होता, आणि साठ हजार माणसांत माझं चावणं तीन रांगांना ऐकू गेलं. पुढच्या बाईंनी वळून बघितलं. तात्या म्हणाले, बघा, आज पहिल्यांदा कुणीतरी आवाज केला. मग पुडी रांगेतून फिरली. लसूण त्यांना आवडला, मिरचीनं तिसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं जुन्या मैदानाच्या आठवणीवर खपवलं.

उठायचं की बसायचं हा आणखी एक प्रकार. जुन्या ठिकाणी कोण कुठं उभं राहतो आणि कोण बसतो हे पिढ्यांपासून ठरलेलं होतं म्हणे, इथं सगळे नव्यानं एकत्र आले आणि सुरुवातीच्या काळात ह्यावरून भांडणं झाली. आमच्या पुढचे दोघं उभे राहणारे, मागं बसणारे, मी मधे. उभा राहिलो तर मागून 'खाली बस', बसलो तर पुढच्याच्या जीन्सचं लेबल. मी वर्षभर अर्धा वाकून मॅच बघितली. फिजिओथेरपिस्टनं विचारलं, जिमला जाता का?

आणि ते साबणाचे फुगे. सामन्याआधी इथं फुगे उडवायचं मशीन असतं आणि सगळे फुग्यांचंच एक गाणं म्हणतात, शंभरेक वर्षांची परंपरा. लोखंडी जहाजं बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी १८९५ साली काढलेली ही टीम, छातीवर दोन हातोडे, अजूनही आयर्न्स म्हणून हाक मारतात, म्हणजे आपल्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांनी टीम काढावी आणि मॅचआधी सगळ्यांनी साबणाचे फुगे सोडत स्वप्नं कशी फुटतात ते गावं. मला पहिल्यांदा हसू आलं. तात्या गाताना मात्र हसत नाहीत. एवढं एक गाणं ते पूर्ण मोठ्यानं म्हणतात, मग बसतात आणि वातावरणाचा विषय काढतात.

एकदाच काढला नाही. १७ मार्च २०२२. युरोपा लीग, समोर सेव्हिया, जे ती स्पर्धा तोवर सहा वेळा जिंकलेले, दोन सामन्यांच्या ह्या फेरीत पहिला सामना जिंकून १-० नं पुढं. आमच्या सूचेकनं पहिल्या हाफमध्ये हेडर मारला, बरोबरी झाली, आणि मग कुणी बसलंच नाही, मागचे बसणारेसुद्धा. मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि ११२ व्या मिनिटाला आमचा युक्रेनचा यार्मोलेंको, ज्याच्या देशात तीन आठवड्यांपूर्वी युद्ध सुरू झालेलं, त्यानं गोल मारला. पुढचं मला नीट आठवत नाही. भडंग सगळ्या रांगेच्या डोक्यावर पडलं होतं, छप्पर ट्रॅक टुरिस्ट सगळं जागच्या जागी होतं तरी कानठळ्या बसत होत्या, आणि तिसरा, तोच टुरिस्टवाला, माझ्या गळ्यात पडून रडत होता आणि मी मराठीत ओरडत होतो ते त्याला कळत होतं. परत जाताना स्टेशनच्या वाटेवर गर्दी आवरायला 'थांबा', 'चला' अशा पाट्या घेऊन माणसं उभी असतात, आम्ही 'थांबा'शी उभे, तात्यांचा घसा बसलेला. मी म्हणलं, काय तात्या, आज होतं की नाही वातावरण? तात्यांनी विचार केला. मग खरखरत्या आवाजात म्हणाले, "होतं. पण हीच मॅच अप्टन पार्कला असती ना..."

पुढच्या वर्षी प्रागला युरोपा कॉन्फरन्स लीगचा कपही जिंकले, तेव्हा तरी सुटेन असं वाटलं होतं. पण ती मॅच प्रागला. वातावरण तिथलं.

हल्ली भाचा आलाय शिकायला. कोल्हापूरचाच, अंगात पाटाकडीलचं रक्त, म्हणलं ह्याला दाखवू, त्या दिवशी तिसऱ्याची सीट रिकामी होती तिथं बसवला. वीस मिनिटं पोरगं गप्प. मग म्हणालं, "मामा, एवढी माणसं आणि ही शांतता? आपल्याकडं कॉर्नर मिळाला तरी हलगी सुरू होते. वातावरणच नाही ओ." तात्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी भाषांतर केलं. तात्या उठले, पुढून वाकून त्याचा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. मला दोन वर्षांनी मिळालेला मान पोराला वीस मिनिटांत मिळाला.

परत येताना गाडी अप्टन पार्कला थांबली. दार उघडलं. तात्यांनी उसासा टाकला, आणि काय झालं कुणास ठाऊक, मीपण टाकला. भाच्याला म्हणलं, "हे काय बघितलंस तू, इथलं जुनं मैदान बघायला पाहिजे होतंस. गोल झाला की बाहेरच्या दुकानांची शटरं थरथरायची."

भाचा म्हणाला, "तुम्ही किती मॅच बघितल्या इथं?"

तात्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी प्रामाणिकपणे सांगितलं. भेंडीची गोष्ट त्यांना माहीत आहे, मीच कधीतरी 'थांबा'च्या रांगेत सांगितली होती. तात्या खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "सांग त्याला, शेवटच्या रात्री हा तिथं होता."

मी तेवढंच सांगितलं.