सरपंच बाई, मालक कुठंयत?

परवा यात्रेतल्या कबड्डीला पंच म्हणून गेले होते, त्याचा राग अजून उतरला नाही. आधी मी खेळायचे, लेफ्ट कॉर्नर, मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं, मग पंच परीक्षा दिली, झालं. गाव परभणी जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही.

तर कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. भोंग्यावर "आजच्या सामन्याच्या सरपंच" म्हणून माझं नाव पुकारलं आणि पहिल्या हाफची शिट्टी मारते न मारते तोच एक आजोबा चुन्याची रेघ पुसत थेट मैदानात. हातात कॅरीबॅग, आत कागदं.

"सरपंच बाई, रामराम. घरकुलाचा दुसरा हप्ता कव्हा पडायलाय?"

"आजोबा, मी कबड्डीची सरपंच आहे."

"असू द्या की. पर हप्ता?"

"अहो मी ह्या गावचीच नाही, परभणीहून आले."

"निवडून आलं की समदेच परभणीला राहायलेत."

ह्याला काय उत्तर देणार. तरी मी सगळं सांगितलं, चढाई 30 सेकंदांची, बोनस, लोण, कोण बाद ते मी ठरवते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग मालक कुठंयत? तुमी सहीपुरत्या, कारभार तेच बघत असतील की."

इथं मला लागलं. पंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण 2011 ला आलं, तरी गावात सरपंच कोण विचारलं की बऱ्याचदा नवराच उठून उभा राहतो. आणि मैदानावर तरी काय वेगळंय, बाद झालेला पोरगा मला सोडून बाजूच्या पंचाला विचारतो, "दादा, तुमी सांगा ना." खेळायचे तेव्हाही पुरुषांचा हाफ 20 मिनिटांचा, आमचा 15 चा, आमचा दम कुणी मोजला होता देव जाणे.

शेवटी वैतागून मी आजोबांना पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे 2 मिनिटं बाहेर. त्यांनी ते हातात घेऊन पालथंसुलटं केलं. "आमचं बी पिवळंच हाय, पर माल येईना."

भाचीनं एकदा मोबाईलवर लडाखच्या पोरींची आइस हॉकी दाखवली होती, तिथं चूक केली की 2 मिनिटं चक्क कोंडवाड्यात बसवतात. मला तेव्हाच हेवा वाटला होता. आमच्याकडं बर्फ रसवंतीत, आणि कोंडवाड्यात सरपंचच.

सामना संपला तर आमचे हे मोटारसायकलला टेकून भजी खात होते, खांद्यावर आयोजकांनी घातलेली शाल, खिशात माझ्या मानधनाचं पाकीट. समोर आजोबा, हात जोडून.

"बघतो, करू काहीतरी," हे म्हणाले आणि कॅरीबॅग घेतली.

ती अजून डिक्कीतच आहे.