बँजोला जाड तार लावल्याने आवाज वाढतो का?

जयंतीच्या मिरवणुका जवळ आल्या की मराठवाड्यातल्या बँजोवाल्यांच्या (बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारवाद्य) ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘गिटारची जाड तार लावा, आवाज दुप्पट.’ हे अर्धंच खरं आहे. गिटारची तार चालते, पण फक्त साधी स्टीलची, शक्यतो 0.009 किंवा 0.010 इंचाची. आवाज मोठा होतो तो पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग) आणि अ‍ॅम्प्लिफायरमुळे.

0.010 च्या जागी 0.012 घालून तोच सूर लावला, तर ताण 44 टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. मग बटण जड लागतं, जलद सुरावटी निसटतात, खुंट्या सरकतात, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दबते. गुंडाळलेली तार (जिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते) तर बटणांखाली नकोच. ती पडद्यावर खरखरते, शिवाय मोकळी सुरात असली तरी बटण दाबल्यावर शेजारच्या साध्या तारेशी जुळत नाही. ब्राँझची गुंडाळी असेल तर चुंबकी पिकअप ती नीट पकडत नाही.

ऑनलाइन ‘बँजो स्ट्रिंग्ज’ म्हणून येतो तो सेट बहुधा अमेरिकन पाचतारी बँजोचा असतो. त्यात वेगवेगळ्या जाडीच्या तारा असतात, टोकाला फास. आपल्या बँजोचं मूळ जपानी ताइशोगोतो, 1912 चं. त्याचा त्या सेटशी संबंध नाही.

बटणांखालच्या तारा एकाच जाडीच्या घ्या आणि एकदमच बदला. मात्र एक काढून एक लावा, नाहीतर घोडी हलते. खुंटीला तीन-चार वेढे द्या, तार हाताने हलकी ताणून पुन्हा सूर लावा. मग वरच्या सा चं बटण मोकळ्या तारेशी ताडून पाहा. चढं वाजलं तर घोडी किंचित मागे, म्हणजे बटणांपासून दूर, उतरलं तर पुढे.