सायरन बंद होता म्हणून मी ओरडलो

गेल्या पावसाळ्यात बाबा घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. खानापूरहून अ‍ॅम्ब्युलन्सने बेळगावला आणताना ड्रायव्हरने सायरन लावलाच नाही. पिरनवाडीपर्यंत मी दम धरला, मग मधली काच ठोकून ओरडलो, "सायरन लावा की ओ!"

तो मागे न बघताच म्हणाला, "कशाला ओरडूलाय? माणूस शुद्धीवर हाय, बोलतोय. खड्ड्यातनं जोरात नेलं तर त्यांचंच हाड हलतंय."

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी गाडीत एकच शहाणा होता आणि तो मी नव्हतो.

आपल्याला वाटतं, अ‍ॅम्ब्युलन्स म्हटली की सायरन हवाच. 2017 ची केंद्राची ड्रायव्हिंग नियमावली तसं म्हणत नाही. खरोखर तातडी असेल आणि सायरन व दिवा दोन्ही चालू असतील, तर ड्रायव्हरला लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादाही मोडता येते. पण जपून. लाल सिग्नलला आधी वेग कमी करायचा आणि मगच पुढे जायचं. वाट देण्याचा क्रमही ठरलेला आहे, आधी अग्निशमन, मग अ‍ॅम्ब्युलन्स, पोलीस त्यानंतर. (मंत्र्यांचा ताफा कुठे बसतो ते तुम्हीच बघा. त्यांचे लाल दिवे तर 1 मे 2017 पासूनच गेले.) आणि वाट न देणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड होऊ देत. माझा राग दुसऱ्यांवर आहे. रिकामी गाडी सायरन वाजवत नेणारे मी या शहरात डोळ्यांनी पाहिलेत. पुढच्या वळणावर तीच गाडी चहाच्या टपरीपाशी उभी! असं दोनदा दिसलं की तिसऱ्या वेळी लोक आरशातसुद्धा बघत नाहीत. भोगतो कोण? चंदगडकडून शिनोळीमार्गे छातीत कळ घेऊन येणारा पेशंट. त्याच्यासाठी मिनिटं मोजायची असतात, आणि त्याचा सायरन आपण आधीच खर्चून बसलेलो असतो.

दुसरे ते अ‍ॅम्ब्युलन्सच्या शेपटाला चिकटणारे. खानापूर रोडवर उद्यमबागेतल्या कारखान्यांची सुट्टी झाली की बघा, तिच्यामागून दहा मोटारसायकली सुसाट. पुढच्याने ब्रेक मारला तर हेच पुढचे पेशंट.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर मात्र कुणाचंच चालत नाही. रेल्वेगाडीला सिग्नल दिला गेला की गेट कुलूपबंद. गेटमनच्या मनात असलं तरी उघडत नाही, कितीही सायरन वाजवा. म्हणून जाणते ड्रायव्हर आधीच फिरवून नेतात. ही अक्कल नियमावलीत लिहिलेली नाही.

परवा गोगटे सर्कलजवळ मागून सायरन आला. इंडिकेटर देऊन, वेग कमी करून गाडी डावीकडे घेतली. मागच्या बुलेटवाल्याला ते पटलं नाही. जोरात हॉर्न मारून त्याने मला शिवी हासडली. मराठीत की कन्नडात, सायरनमध्ये कळलं नाही.